खिडक्यांचा क्लास

खोटं बोलणं मला जमत नाही, असं मी आजवर चारचौघांत छाती काढून सांगत आलो. ते खरंही होतं, कारण मला तशी कधी गरज पडली नव्हती. वांगी, मिरची आणि कोबी लावणाऱ्या माणसाला खोटं बोलून मिळतं काय? किडकं वांगं टोपल्याच्या तळाला दडवलं तरी गिऱ्हाईक हात घालून तेच वर काढतं. पण यंदाच्या उन्हाळ्यात मी एक खोटं बोललो, तेही तोंडाने एकच शब्द, बाकी नुसती मान हलवून. त्याची लाज अजून गेलेली नाही.

सुरुवात होणाऱ्या सुनेच्या फोनपासून झाली. आमचा हर्षल पुण्यात नोकरीला आहे. मुलगी त्याने तिकडेच पसंत केली, तिचं नाव अर्पिता. पोरगी गुणाची, बोलायला गोड. लग्न मे अखेरचं ठरलं होतं आणि मार्चमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, रिसेप्शनला दोन्हीकडच्या आईबाबांनी कपल डान्स करायचा असं आम्ही ठरवलंय. बॉलरूम. माझ्या आईबाबांनी तर क्लास लावलासुद्धा. अगदी सोपं असतं हो, एक-दोन-तीन मोजायचं आणि फिरायचं."

मी फोन कानापासून वीतभर लांब धरला. आमच्या रोहिणखेडात नवरा-बायको रस्त्याने निघाले की बायको चार पावलं मागे असते. एसटीत मी पुढे बसतो, सत्यभामा बायांमध्ये. एकतीस वर्षांच्या संसारात मी तिचा हात दिवसाउजेडी एकदाच धरला, लग्नात, तोही भटजींनी धरायला लावला म्हणून. आता चारशे माणसांपुढे तिच्या पाठीवर हात ठेवून गरगर फिरायचं? "नाही जमणार बेटा," एवढं म्हणायला मी तोंड उघडलं, तर सत्यभामा शेजारी येऊन उभी.

"हाव म्हना ना," ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली, जी विसरलो असं मी समजत होतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी भुलाबाईच्या सणाच्या दिवसांत ती गल्लीतल्या पोरींबरोबर फुगडी खेळायला उतरली होती. काय फिरत होती! पोरी थकून बसल्या तरी हिचे पाय थांबेनात. मी ओट्यावरून हाक मारली आणि घरात आल्यावर म्हटलं, "हे माहेरी. इथं तू सून हायेस." त्यानंतर तिने कधी फेर धरला नाही, कधी विचारलंही नाही. एकतीस वर्षांनी ती आता विचारत होती. मी फोनमध्ये "बरं" म्हणालो.

अर्पिताने क्लास कसा निवडायचा तेही सांगितलं. लगेच कुठे नाव घालू नका, आधी दोन-तीन ठिकाणी नुसतं जाऊन बसा. नवशिक्यांच्या पायांकडे शिकवणाऱ्याचं लक्ष आहे का बघा. जमीन पायाला फार घसरायला नको आणि चिकटायलाही नको. आपल्या वयाची माणसं असली तर बरं. "आणि बाहेर पडताना हसू येतंय का ते बघा. नाही आलं तर तो क्लास आपला नाही." सत्यभामेने हे सगळं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर लिहून घेतलं. माझी एक अट मी मनातच ठेवली: ओळखीचं कुत्रंसुद्धा दिसता कामा नये.

पहिला क्लास मलकापूरचा. मोबाईलच्या दुकानावर एक खोली, आत वीसेक पोरं-पोरी उड्या मारत होती आणि गाणं इतक्या जोरात, की छातीत धडधड कुणाची ते कळेना. दारातल्या मुलाने विचारलं, "काका, मुलीची ॲडमिशन का?" आम्ही पाणी पिऊन खाली उतरलो.

दुसरा बुलढाण्याचा. राजूर घाट चढून वर गेलं की हवाच वेगळी लागते, तशी त्या हॉलमध्ये शिरताना लागली. पहिल्या मजल्यावर लांबलचक खोली, लाकडी जमीन आणि रस्त्याच्या बाजूला काचेच्या तीन मोठ्या खिडक्या. शिकवणारी सारिका मॅडम चाळिशीची, आवाज न चढवणारी. चार जोडपी होती, त्यातलं एक तर आमच्याहून म्हातारं. मॅडम उकिडव्या बसून एकेकाच्या पावलाकडे बघत होत्या.

तिथली एक रीत मात्र मला मुळीच रुचली नाही. दर दहा मिनिटांनी जोड्या बदलायच्या. एकमेकांच्या चुकांची सवय लागू नये म्हणून, असं मॅडम म्हणाल्या. नुसतं बघायला आलेल्या सत्यभामेला त्यांनी उठवलं आणि एका निवृत्त कंपाउंडरच्या समोर उभं केलं. पांढऱ्या केसांचा, सत्तरीचा सज्जन माणूस. त्याने अदबीने हात पुढे केला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. तिसऱ्या फेरीला सत्यभामा त्याच्याही पुढे मोजत होती.

"ताई, तुम्हाला ताल आहे हो," मॅडम म्हणाल्या.

सत्यभामा तोंडाला पदर लावून हसली. मग पदर काढला आणि तशीच हसली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी तेव्हा खिडकीशी उभा होतो. खाली कोर्टाकडे जाणारा रस्ता, टपरीवर हातात फायली घेतलेली माणसं चहा पीत होती. आमच्या तालुक्याचा निम्मा माणूस आठवड्यातून एकदा तरी कोर्टात नाहीतर कलेक्टर कचेरीत येतो, आणि चहा पिताना माणूस वर बघतोच. मी भिंतीच्या आडोशाला सरकलो. बाहेर पडल्यावर म्हणालो, "जमीन घसरते तिथली."

"मले तं नाई घसरली," ती म्हणाली.

तिसरा क्लासही बुलढाण्यातच, एका बोळाच्या टोकाला, तळघरात. खाली जायला अकरा पायऱ्या, खिडकी एकही नाही, एक ट्यूबलाइट आणि गुळगुळीत टाइल्स. सर म्हणवणाऱ्या गृहस्थांनी भिंतीवरच्या टीव्हीवर व्हिडिओ लावून दिला, "असंच करायचं," म्हणाले आणि आपल्या मोबाईलमध्ये शिरले. आमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी तिथल्या तिथे नाव घातलं. सत्यभामेने कॅलेंडरचं पान पुन्हा एकदा वाचलं, त्याची घडी घातली आणि पिशवीत टाकलं. मी ते न पाहिल्यासारखं केलं.

दर गुरुवारी आणि रविवारी सकाळच्या गाडीने जायचं, दुपारी परत यायचं. दुसऱ्याच गुरुवारी स्टँडवर हिंमतरावने गाठलं. हिंमतराव माझा शाळेपासूनचा दोस्त, शेताला शेत लागून. मनाने सोनं, पण तोंडात तीळ भिजत नाही.

"काऊन बे उत्तम, सारखं बुलढाण्याले काऊन जाऊन राह्यला?"

"दवाखान्यात," माझ्या तोंडून निघालं.

"कोनाले काय झालं?"

त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. सत्यभामा लिंबाखाली बायांपासून जरा बाजूला उभी होती. चांगलं लुगडं, डोळे मिटलेले, ओठ हळूहळू हलत होते. ती एक-दोन-तीन मोजत होती. हिंमतरावला वाटलं जप करते आहे.

"वहिनीले? मोठं दुखनं हाये का रे?" त्याने आवाज खाली आणला.

गाडी घाटाखाली कुठे तरी अडकली होती. हा माणूस उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हता. मी मान उभी हलवली.

"तिले माईत हाये?"

मी मान आडवी हलवली.

"नको सांगू. मानूस धीर सोडते," तो म्हणाला आणि माझा दंड दाबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एक शब्द निघाला, दोनदा मान हलली, बस, एवढंच मी केलं.

आमच्याकडे मोठं दुखणं असलेल्या माणसाला ते सांगत नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि ज्याचं त्याला नसतं. त्याच्यासमोर कोणी नाव काढत नाही, नुसतं भेटून जातात. त्यामुळे माझं खोटं बिनबोभाट वाढलं. लोक येऊ लागले. कुणी बिस्किटांचे पुडे आणले, कुणी डाळिंबं, कुणी नारळ. बाया सत्यभामेच्या शेजारी बसायच्या, तिच्या हातावरून हात फिरवायच्या, "जीवाले जप माय," म्हणायच्या आणि जाताना दारात डोळे पुसायच्या.

"लगन आपल्या घरी हाये अन् खाऊ लोकं आनून राह्यले," सत्यभामा हसून म्हणायची. "गाव लई मायेचं हाये आपलं."

मी डाळिंब सोलत बसायचो.

सगळ्यात जास्त यायची ती विमलअक्का. माझी मोठी बहीण. मी सात वर्षांचा असताना माय गेली, तेव्हा अक्का सोळाची होती. मला न्हाऊ-माखू घालून तिने मोठं केलं. तिला गावातच दिली, आता विधवा आहे, दोन गल्ल्या पलीकडे सुनेजवळ राहते. ती रोज सकाळी यायची, सत्यभामेच्या हातातला पिठाचा गोळा काढून घ्यायची आणि स्वतः भाकरी थापायची. मग ओट्यावर लुगड्यात पाय ओढून बसायची. दारात तिच्या चपला दिसायच्या नाहीत. मला वाटलं, घाईत येत असेल.

सांगायचं मनात आलं नाही असं नाही. रोज यायचं. पण सांगणार काय? की तिला काही झालेलं नाही, आम्ही नाचायला जातो? खरं ते हेच: बायको मरायला टेकली आहे असं लोकांना वाटू द्यायला मला लाज वाटली नाही, आणि तिच्यासोबत नाचतो हे सांगायला वाटली.

तळघरातही मला काही येईना. जिन्यावर पाऊल वाजलं की माझा हात आपोआप सुटायचा.

"हात काऊन सोडता?" सत्यभामा विचारायची. "मी का परकी हावो?"

एकदा मीटर बघणारा माणूस आला. मी दचकून मागे सरलो आणि पुढे येताना तिच्या अंगठ्यावर पूर्ण वजनाने पाय दिला. नख काळंनिळं झालं. सरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. परतीच्या गाडीत बसण्याआधी ती एवढंच म्हणाली, "अर्पितानं हसू येते का पाहा म्हनलं होतं. मले तिथून निंगताना एकडाव बी नाई आलं."

एप्रिल सरता सरता एका रविवारी आम्ही दुपारच्या गाडीने परतत होतो. ऊन असं, की डांबर मऊ पडलं होतं. गाव मैलभर राहिलं असताना खिडकीशी बसलेली सत्यभामा एकदम उठली.

"अवो, त्या आक्का हायेत ना? अनवानी काऊन चालून राह्यल्या?"

मी वाकून पाहिलं. रस्त्याच्या कडेने अक्का येत होती, देवीच्या देवळाकडून. हातात नारळाची पिशवी, पाय उघडे. वाळक्या गवताचा पट्टा दिसला की त्यावर थांबायची, मग पुढच्या पट्ट्यापर्यंत भराभर जायची. गाडी तिच्या पुढून निघून गेली.

स्टँडवर उतरून आम्ही थांबलो. हिंमतराव लिंबाखाली होताच, आणखी पाच-सहा जण होते. अर्ध्या तासाने अक्का आली. सत्यभामेने तिला धरून पारावर बसवलं, पाय मांडीवर घेतले आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. दोन्ही तळव्यांना फोड होते. काही फुटलेले, काही नवे.

"काई नाई वं, सोड," अक्का पाय ओढू लागली.

"काई नाई कसं? चपला कुठी हायेत तुमच्या?"

अक्काने तोंड फिरवलं. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, अशी तिची समजूत. शेवटी हिंमतरावला राहवलं नाही.

"सव्वा महिना झाला वहिनी. तुमाले बरं वाटेपर्यंत पायात घालत नाईत. रोज देवीले जातेत. तुमच्यासाठीच तं हाये ते..." आणि त्याने जीभ चावली.

सत्यभामा सगळ्यांकडे बघू लागली. ज्याच्याकडे बघेल तो नजर खाली घालत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. फेब्रुवारीत गावात आरोग्य शिबिर झालं होतं, तिचं रक्त तपासलं होतं. कागद मी आणला होता, सगळं चांगलं आहे असं मीच वाचून दाखवलं होतं.

"मले काय झालं?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक. "अवो, डॉक्टरनं तुमाले काई सांगतलं का? म्हनून लोकं येऊन राह्यले? मी पोराचं लगन पाहीन ना?"

त्या क्षणी जमीन फाटून मला पोटात घेती तर मी उपकार मानले असते. एकतीस वर्षं जी माझ्या चार पावलं मागे चालली, ती भर स्टँडवर माझ्याकडे आपला जीव मागत होती.

"तुले काई झालं नाई," मी म्हणालो. "कोनालेच काई झालं नाई. आमी दवाखान्यात जातच नाई. आमी नाच शिकाले जातो. हर्षलच्या लग्नात दोघांनी नाचाचं हाये. मले सांगाची लाज वाटली."

कोणी हसलं नाही. मी तयार होतो हसण्यासाठी. महिनाभर मी त्या हसण्याला भ्यालो होतो. हिंमतरावने टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "चार गावाले सांगत फिरलो मी."

"म्हंजे दुखनं नाई?" अक्काने विचारलं.

"नाई अक्का."

"देवीशप्पथ?"

"शप्पथ."

ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मग डोळे पुसले, आणि देवळाच्या दिशेला हात जोडून म्हणाली, "आयकलं माय तू." मी फसवलं हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. तिने एक थोबाडीत मारली असती तर मला घरी जाऊन जेवता आलं असतं.

सत्यभामा मात्र सगळं समजली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नाचासाठी घेतलेल्या आपल्या नव्या चपला काढल्या आणि अक्काच्या पायांत घालून पाहिल्या. सुजेमुळे त्या शिरेनात. मग मी माझ्या काढल्या. त्या गेल्या.

"तुह्ये पाय पोयतीन रे," अक्का म्हणाली.

"पोयू दे."

स्टँडपासून आमचं घर सहाशे पावलं असेल. दहाव्या पावलाला मला कळलं आणि विसाव्याला मी सावली शोधू लागलो. अक्का सव्वा महिना चालली होती.

संध्याकाळी सत्यभामेने अक्काच्या पायांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या आणि मग माझ्यासमोर कॅलेंडरचं ते पान उलगडून ठेवलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

"गुरुवारी खिडक्यांच्या क्लासले जाचं," ती म्हणाली. "आक्काले बी घेऊन. अन् स्टँडवर कोनी इचारलं तं तुमी सांगाचं. मी नाई."

गुरुवारी हिंमतराव स्टँडवर होता. त्याने सवयीने "कुठी?" म्हटलं आणि लगेच ओशाळून तोंड फिरवलं. मी मोठ्याने सांगितलं. माझा आवाज चिरकला, पण गाडीची वाट बघणाऱ्या सगळ्यांना ऐकू गेलं. गाडीत मी सत्यभामेच्या शेजारी बसलो. घाट चढेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

सारिका मॅडमनी आम्हाला ओळखलं. अक्काला भिंतीशी खुर्ची दिली. आम्ही समोरासमोर उभे राहिलो, मी तिचा हात धरला, आणि पहिल्याच वळणाला माझं तोंड खिडकीकडे आलं. खाली टपरीवर आमच्याच भागातले दोघे उभे होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसून वर बोट केलं. माझा तळहात घामाने भिजला आणि बोटं सैल पडली. सत्यभामेला ते कळलं. तिने पकड घट्ट केली नाही. माझं मला करू दिलं.

"उत्तम," अक्का खुर्चीवरून म्हणाली, "तिचा हात सोडू नको."

मी सोडला नाही. कानशिलं तापली होती, पाय चुकत होते, खालचे दोघे अजून बघत होते. एक-दोन-तीन. दहा मिनिटांनी मॅडमनी जोड्या बदलल्या, कंपाउंडर पुढे आले, आणि सत्यभामा त्यांच्यासोबत अशी फिरली की बाकीचे थांबून बघू लागले. मीही बघत राहिलो. हे मी एकतीस वर्षांपूर्वी ओट्यावरून हाक मारून थांबवलं होतं.

क्लास सुटला. जिना उतरताना सत्यभामा हसत होती, पदर न लावता. माझ्याकडे बघून नव्हे, आपल्याशीच. मला काही हसू आलं नाही. तिच्यामागून अक्का कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, आणि तिच्या पट्टी बांधलेल्या पायांत माझ्या मोठ्या चपला फटफट वाजत होत्या.